वाचक विचारतात : गुप्तहेराच्या हातातलं रिव्हॉल्व्हर कोणत्या सालचं?

लंडनमध्ये १८८५ साली घडणारा एक गुप्तहेरपट सध्या आपल्या भागात बराच पाहिला जातो आहे. त्यातल्या हत्यारांबद्दल निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. दोन प्रश्न चित्रपटाबाहेरचे आहेत, पण विषय तोच असल्यामुळे तेही इथेच घेतले.

प्रश्न : नायकाचं रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडतं आणि सहाही काडतुसं एकदम वर उडतात. मित्र म्हणतो, हे वेब्ली, त्या काळातलंच. बरोबर आहे का? (निपाणी)

उत्तर : वेब्ली (रिव्हॉल्व्हर बनवणारी इंग्रज कंपनी) बरोबर, काळ चुकला. पत्रासोबत पाठवलेल्या पडद्यावरच्या फोटोत दिसतं ते वेब्ली मार्क ६, म्हणजे सहावी आवृत्ती. ते १९१५ साली, पहिल्या महायुद्धात आलं. कथेपेक्षा तीस वर्षांनी धाकटं.

मोडून उघडणं ही स्वतः चूक नाही, हे आधी लक्षात घ्या. अमेरिकेत स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ३ हे १८७० पासून तसंच उघडत होतं आणि रिकामी काडतुसं एकदम बाहेर टाकत होतं. त्यामुळे ‘मोडतंय म्हणजे नवीन’ हा ठोकताळा चालत नाही. ओळख पटते ती मूठ आणि नळी यांवरून.

आधी मूठ पाहा. ब्रिटिश सैन्याने १८८७ साली स्वीकारलेल्या मार्क १ पासून मार्क ५ पर्यंत मूठ खाली येताना पक्ष्याच्या डोक्यासारखी गोल वळते. मार्क ६ ची मूठ खाली रुंद होत जाते आणि तळाशी करवतीने कापल्यासारखी सपाट संपते. हात पूर्ण झाकत नसेल तर हा फरक अंधाऱ्या दृश्यातही कळतो.

मग नळी. मार्क १ ची नळी ४ इंचांची, मार्क ६ ची ६ इंचांची. पडद्यावर इंच मोजता येत नाहीत, म्हणून सिलिंडरची लांबी माप म्हणून धरा. नळी सिलिंडरच्या अडीच-पावणेतीन पट दिसली तर ४ इंची, चार पटींच्या आसपास दिसली तर ६ इंची. चित्र थांबवताना हत्यार पूर्ण आडवं असलेलं दृश्यच निवडा. कॅमेऱ्याकडे जरा जरी रोखलेलं असलं तरी नळी आखूड भासते आणि सगळा हिशेब बिघडतो. बहुतेकांची चूक इथेच होते.

एकट्या नळीवर निकाल देऊ नका. वेब्लीनेच नेमबाजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी ‘वेब्ली-ग्रीन’ नावाची लांब नळीची, रुंद मुठीची रिव्हॉल्व्हरं १८९० च्या आसपास विकली. त्यांतल्या आधीच्या नमुन्यांच्या सिलिंडरवरच्या खाचा चर्चच्या मनोऱ्यासारख्या टोकदार असतात. मार्क ६ च्या खाचा गोल टोकाच्या, साध्या. आपल्या फोटोत त्या साध्याच आहेत.

आणखी एक खूण आहे, आणि ती सापडली की वादच उरत नाही. पुन्हा भरतानाच्या दृश्यात काडतुसं तीन-तीनच्या जुडीने, पत्र्याच्या चंद्रकोरीसारख्या क्लिपमध्ये अडकवलेली दिसली, तर ते रिव्हॉल्व्हर पुढे अमेरिकेत ०.४५ इंची पिस्तुलाच्या काडतुसासाठी मागून तासून घेतलेलं असतं. तशी क्लिप १९१७ च्या आधी नव्हती.

चित्रपटवाले मार्क ६ का वापरतात, याचं कारण सरळ आहे. महायुद्धात ती लाखांनी बनली आणि नंतर वापरातून काढलेली ठिकठिकाणी मिळू लागली. मार्क १ आज संग्राहकांकडे जपून ठेवलेलं असतं. ते चित्रीकरणात चिखलात टाकायला कोण देणार?

मग १८८५ साली नायकाच्या हातात काय शोभलं असतं? खासगी माणूस असेल तर वेब्लीचं आर.आय.सी. मॉडेल. आयर्लंडच्या पोलीस दलाने ते १८६८ साली घेतलं, म्हणून हे नाव. त्याचा सांगाडा एकसंध, मोडत नाही. उजवीकडची छोटी खिडकी उघडून एकेक काडतूस भरायचं. अफगाणयुद्धातून (१८७८–८०) परतलेला अधिकारी असेल तर ॲडम्स मार्क ३, ०.४५० इंची, तेही खिडकीचंच. १८८० नंतरचा सैनिक असेल तर एनफिल्ड मार्क १ किंवा २. हे मोडल्यावर सिलिंडर पुढे सरकतं आणि रिकाम्या पुंगळ्या मागे सुटून पडतात. फक्त सगळ्यांत खालची पुंगळी पुष्कळदा अडकून राहायची. दिग्दर्शकाने ती अडकलेली पुंगळी नखाने काढताना नायक दाखवला असता, तर आम्हाला फार आवडलं असतं.

प्रश्न : नायकाचा मित्र कोटाच्या खिशात एक बुटकं, जाड रिव्हॉल्व्हर ठेवतो. ते कोणतं? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : ते ‘ब्रिटिश बुलडॉग’ जातीचं आहे आणि इथे चित्रपटाने नेमकी निवड केली आहे. वेब्लीने ते १८७२ साली बाजारात आणलं. नळी अडीच इंचांची, सिलिंडरमध्ये पाच घरं, काडतूस ०.४४२ किंवा ०.४५० इंची. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर १८८१ साली गोळी झाडली गेली, ती याच जातीच्या रिव्हॉल्व्हरने.

निवड बरोबर असली तरी वापरात दोन चुका आहेत. एका दमात सहा बार ऐकू येतात. घरं पाचच आहेत. दुसरं, मित्र ते एकदा झटकतो आणि पुंगळ्या खाली पडतात. बुलडॉग असं रिकामं होत नाही. घोडा अर्धा मागे घ्यायचा, उजवीकडची खिडकी उघडायची, सिलिंडरच्या आसातली सळई ओढून बाजूला फिरवायची आणि एकेक पुंगळी ढकलून काढायची, दरवेळी सिलिंडर एक घर फिरवून. पाचही काढून पुन्हा भरायला शांत हाताने अर्धं-पाऊण मिनिट लागतं. म्हणून धावपळीच्या प्रसंगात ते दुसऱ्यांदा भरलं जाणं जवळजवळ अशक्यच होतं.

बुलडॉगच्या नकला बेल्जियममधल्या लिएजमध्ये ढिगांनी बनल्या. फोटो जवळून घेतलेला असेल तर सिलिंडरवर लंबगोलात ई.एल.जी. ही इंग्रजी अक्षरं शोधा; ती लिएजच्या चाचणीघराची खूण. लंबगोलावर मुकुट असेल तर हत्यार १८९३ किंवा नंतरचं.

याच वाचकांचा उपप्रश्न सिलिंडरच्या कडेला खिळ्यांसारखी टोकं असलेल्या रिव्हॉल्व्हरबद्दल आहे. ते फ्रेंच लफोशे पद्धतीचं. काडतुसाच्या बुडाजवळ आडवी पिन असते, घोडा वरून त्या पिनेवर पडतो. १८८५ साली ते जुनाट झालं होतं, पण स्वस्त होतं. गोदीवरच्या गुंडाकडे ते दाखवणं योग्यच आहे.

प्रश्न : खलनायकाकडे माउझर आहे. चालेल का? (चिकोडी)

उत्तर : नाही. चापाच्या पुढे चौकोनी डबा आणि झाडूच्या दांड्यासारखी मूठ असलेलं ते पिस्तूल १८९६ चं. बाजारात आलेलं पहिलं स्वयंभरणी पिस्तूल, बोरशार्ट, तेही १८९३ चं. १८८५ च्या लंडनमध्ये दोन्ही नव्हती.

प्रश्न : लंडनचे साधे पोलीस आणि रस्त्यावरची माणसं एवढी हत्यारं बाळगत होती का? परवाना लागत नव्हता? (टिळकवाडी)

उत्तर : सामान्य शिपायाकडे दंडुका आणि शिट्टी. लंडनमधल्या क्लार्कनवेल तुरुंगाजवळच्या १८६७ च्या स्फोटानंतर पोलिसांसाठी ॲडम्स रिव्हॉल्व्हरं घेतली गेली, पण ती ठाण्यात असत. १८८० च्या दशकात शहराबाहेरच्या भागांत रात्रीची गस्त घालणाऱ्या शिपायांना मागितल्यास रिव्हॉल्व्हर नेण्याची मुभा मिळाली. मध्य लंडनमध्ये भर दिवसा कॉन्स्टेबल कमरेचं पिस्तूल उपसतो, ते दृश्य चुकीचं आहे.

नागरिकांचं म्हणाल तर १८७० च्या कायद्याने घराबाहेर बंदूक नेणाऱ्याला वर्षाला १० शिलिंगांचा परवाना लागे आणि तो पोस्टात मिळे. त्यासाठी चौकशी नव्हती. तो एक करच होता. त्याच सरकारने हिंदुस्थानात १८७८ चा शस्त्र कायदा आणला आणि इथल्या माणसाला बंदूक बाळगायची तर सरकारच्या मर्जीवर अवलंबून केलं. चित्रपटात लंडनचा दुकानदार काउंटरवर सहज रिव्हॉल्व्हर विकतो, ते खरं आहे. त्याच वर्षी बेळगावच्या पेठेतल्या गिऱ्हाइकाला ते तसं मिळालं नसतं.

प्रश्न : बंद खोलीत चार-पाच बार होतात तरी धूर दिसत नाही. हे शक्य आहे? (गोकाक)

उत्तर : १८८५ साली शक्य नव्हतं. तेव्हा सगळी काडतुसं काळ्या दारूची. फ्रान्समध्ये व्हिएय यांनी बिनधुराची दारू १८८४ साली केली, पण ती फ्रेंच सैन्याच्या रायफलीसाठी. ब्रिटनचं कॉर्डाइट १८८९ चं, आणि रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात ते १८९० च्या दशकातच शिरलं.

काळी दारू जळल्यावर अर्ध्याहून अधिक भाग घन कणांच्या रूपात मागे राहतो. तोच दाट पांढरा धूर. लहान खोलीत दुसऱ्या-तिसऱ्या बाराला समोरचा माणूस अंधुक होतो आणि गंधकाचा वास कपड्यांत बसतो. उरलेली काजळी सिलिंडरच्या आसावर आणि नळीच्या मागच्या फटीत साचते. काही बारांनंतर सिलिंडर जड फिरू लागतं, पुढे अडकतं. ही काजळी हवेतली ओल ओढते. त्याच दिवशी गरम साबणपाण्याने धुऊन, पुसून, तेल लावलं नाही तर दुसऱ्या सकाळी गंज दिसतो. आपल्याकडच्या पावसाळ्यासारख्या हवेत तर हमखास.

पडद्यावर धूर नसतो, कारण आता पुष्कळदा नळीच्या तोंडची ज्वाळा संगणकावर काढतात आणि धूर काढायचं राहून जातं. याच चित्रपटात एका मारेकऱ्याच्या रिव्हॉल्व्हरला आवाज दाबणारी नळी आहे. मॅक्सिम यांचं तसं पहिलं यशस्वी उपकरण १९०९ चं. शिवाय रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू सुटतोच, त्यामुळे तोंडाशी काहीही बसवलं तरी बार दबत नाही.

प्रश्न : राजवाड्यावरच्या सैनिकांच्या हातात कोणती रायफल हवी होती? (संकेश्वर)

उत्तर : मार्टिनी-हेन्री. १८७१ साली स्वीकारलेली, एकबारी, ०.४५० इंची. बाहेर घोडा दिसत नाही आणि चापाच्या मागे लांब दांडी असते. ती खाली ओढली की कोठी उघडते. त्याआधीची स्नायडर (१८६६) बाजूला उघडणाऱ्या झाकणाची आणि बाहेर घोडा असलेली. बोल्ट मागे-पुढे करायची ली-मेटफर्ड १८८८ ची.

चित्रपटात दिसते ती शॉर्ट ली-एनफिल्ड. ओळख सोपी आहे. लाकूड नळीच्या तोंडापर्यंत जातं आणि पुढचं टोक बोथट नाकासारखं दिसतं. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे आपल्या भागातल्या कितीतरी घरांत पहिल्या महायुद्धात गेलेल्या पणजोबांचा फोटो भिंतीवर असतो. त्यात ते बोथट नाक दिसलं तर ती हीच, म्हणजे १९०३ नंतरची रायफल. पणजोबांच्या हातात ती शोभते, १८८५ च्या पहारेकऱ्याच्या नाही.

प्रश्न : एकजण हातातल्या काठीतून गोळी झाडतो, आवाज येत नाही. असं हत्यार खरंच होतं? (येळ्ळूर)

उत्तर : होतं. इंग्लंडमध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या काठीबंदुका एकोणिसाव्या शतकात दुकानांत विकल्या जात. काठीचे दोन भाग असत. वरचा जाड भाग हवेची टाकी, खालचा भाग नळी. वेगळ्या हातपंपाने टाकी भरायची, किल्लीने कमान ताणायची, आणि बाजूचं बारीक बटण दाबलं की झडप क्षणभर उघडून गोळी सुटते. धूर नाही, ज्वाळा नाही. आवाज मात्र असतो. टाळी वाजावी तसा. चित्रपटाने तो पूर्ण गिळला आहे.

तत्त्व त्याहून जुनं आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरार्डोनी यांची हवाई रायफल वापरली. तिच्या दस्त्यातच टाकी होती आणि ती भरायला सुमारे १,५०० वेळा पंप मारावा लागे. अशा हत्यारांचं दुखणं एकच, ते म्हणजे झडपेचं चामडं. ते सुकलं की हवा हळूहळू गळते. नायक दुसऱ्या दिवशी सापडलेली काठी उचलून लगेच झाडून दाखवतो, तिथे आधी टाकीत दाब उरला आहे का, हे तपासायला हवं होतं.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात कित्तूरच्या लढाईचं नाटक आहे. चित्रपटात बंदुकांच्या चुका पाहून धास्ती वाटली. इंग्रज शिपायांच्या हातात काय द्यावं आणि ते कसं करावं? (नंदगड)

उत्तर : प्रश्न फार मोलाचा आहे, आणि तो नंदगडहून आला याचा विशेष आनंद आहे. याच गावी २६ जानेवारी १८३१ रोजी कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना फाशी दिलं गेलं.

२३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरला कलेक्टर थॅकरे मारले गेले, तेव्हा कंपनीच्या शिपायांकडे चकमकीची बंदूक होती. घोड्याच्या जबड्यात गारगोटी, समोर पोलादी पट्टी, तिच्याखाली रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या दारूची, वाटी. केपाची, म्हणजे घोडा पडला की पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीची, बंदूक ब्रिटिश सैन्यात आली ती १८४० च्या सुमारास. म्हणून नमुना म्हणून गावातल्या कुणाची ठासणीची केपाची बंदूक समोर ठेवू नका. नाटकांत होणारी चूक हीच. कित्तूरच्या बाजूच्या काही जणांच्या हातात तोड्याची बंदूक द्यायला हरकत नाही. देशी संस्थानांच्या शिबंदीत ती तेव्हाही चालत होती. तोडा म्हणजे धुमसती वात. रंगमंचावर ती पेटवू नका, टोकाला लाल कागद पुरे.

मापं अशी. इंग्रजी ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीची एकूण लांबी साधारण ५५ इंच, नळी ३९ इंच, भोक पाऊण इंच. नळीसाठी वायरिंगचा २५ मिमी पीव्हीसी पाइप ३९ इंच कापा. दस्त्यासाठी दीड इंच जाड, सहा इंच रुंद, ५२ इंच लांब हलकी फळी घ्या. दस्ता मागून सुरू करून नळीच्या तोंडाच्या चार इंच अलीकडे संपवा, कारण तेवढ्या उघड्या भागावर संगीन बसत असे. फळीत पाइपाच्या अर्ध्या जाडीएवढी खाच पाडा. जास्त खोल गेली की नळी लाकडात बुडते आणि बंदूक खेळण्यासारखी दिसते.

नुसता पाइप रंगमंचाच्या दिव्यांखाली वाकतो. म्हणून आत घट्ट बसणारा बांबू सारा; तोंडाशी तीन इंच मोकळे ठेवा, म्हणजे भोक खरं दिसेल. पीव्हीसीवर रंग टिकत नाही. आधी १२० नंबरच्या कागदाने घासा, मग प्रायमर, मग रंग. नळी काळी रंगवू नका. त्या काळी इंग्रज शिपायाची नळी घासून चकचकीत ठेवलेली असे, म्हणून चंदेरी. चापाभोवतीची कडी आणि दस्त्याच्या टोकाची पट्टी पितळी. खाली गज म्हणून ८ मिमीची काठी. ती फेविकॉलने पक्की करा, नाहीतर पहिल्याच तालमीत हरवते. संगीन १७ इंच, तीनधारी. ती फोमचीच करा. लोखंडी पाइप मुळीच वापरू नका, आणि कुणी जुनी खरी नळी देऊ केली तरी घेऊ नका.

बाराचा आवाज पडद्यामागून दोन फळ्या एकमेकींवर आपटून द्या. चकमकीच्या बंदुकीत आधी रंजक भडकतं, मग क्षणभराने बार निघतो. चाप ओढल्यावर मुलाने मनात ‘एक’ म्हणायचं आणि मग फळी. धुरासाठी मैदा किंवा कोणतंही पीठ उडवू नका, ते दिव्यापाशी पेट घेऊ शकतं. फटाके तर नकोतच. चिमूटभर टाल्कम पावडर पुरते. आणि एका शिपायाकडून मिनिटाला तीनपेक्षा जास्त बार काढू नका. तरबेज पलटणीचाही वेग तेवढाच होता.

प्रश्न : आजोबांच्या माळ्यावर ठासणीची बंदूक सापडली. बाजूच्या पट्टीवर मुकुट, इंग्रजीत ‘टॉवर’ आणि १८५६ असं कोरलंय. चित्रपटाच्या सुरुवातीच्या दृश्यात अशीच आहे. घरात ठेवली तर चालेल का? (जांबोटी)

उत्तर : चित्रपटातली ती १८५३ ची एनफिल्ड, ०.५७७ इंची, नळीवर तीन पट्ट्या. ‘टॉवर’ ही लंडनच्या टॉवरमधल्या सरकारी तपासणीची खूण. पण या खुणेच्या नकला आपल्याकडे खूप झाल्या. अक्षरं वाकडीतिकडी असतील किंवा मुकुट ओबडधोबड असेल तर ती देशी कारागिराची. नळीत तीन खाचा असतील तर रायफल. आतून गुळगुळीत असेल तर १८५७ नंतर देशी पलटणींना दिलेल्या प्रकारातली किंवा नक्कल. मात्र नळीत डोकावून पाहायची घाई करू नका.

आधी ती भरलेली आहे का, ते पाहा. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या तशाच भिंतीवर टांगलेल्या असत, आणि ती दारू कोरडी राहिली तर आजही पेटते. घोड्याखालच्या निपलवर, म्हणजे केप बसवायच्या बारीक नळीवर, केप दिसली तर हात न लावता तिथेच थांबा. नसेल तर तोंड कुणाकडेही न ठेवता लाकडी काठी अलगद नळीत सोडा, टेकली की तोंडाशी खूण करा, आणि तीच काठी बाहेरून नळीशेजारी धरा. टोक निपलपर्यंत पोचत असेल तर नळी रिकामी. दोन-तीन इंच अलीकडेच थांबलं तर आत बार आहे. तो काढायचा प्रयत्न करू नका. लोखंडी सळई नको, ठोकणं नको, गरम करणं तर नकोच.

कायद्याचं असं की १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही झाडता येण्याजोगं नसेल तरच. आपली बंदूक त्यात बसते की नाही, हे आपण ठरवायचं नसतं. कोडगूच्या लोकांना असलेली परवान्याची सवलत बेळगाव जिल्ह्यात लागू नाही. बंदूक घेऊन एस.टी.त किंवा गाडीत निघू नका. खानापूरच्या ठाण्यात लेखी अर्ज द्या : कधी सापडली, कुठे सापडली, पट्टीवर काय कोरलंय, आणि चारही बाजूंचे फोटो. अर्जाच्या प्रतीवर पोचीचा शिक्का घ्या. बंदुकीचा आधीचा परवाना आजोबांच्या कागदांत असेल तर त्याची झेरॉक्स सोबत जोडा. तोवर ती कापडात गुंडाळून कुलपात ठेवा. पॉलिश पेपर मारू नका, लाकडाला वॉर्निश लावू नका. घासली की कोरीव अक्षरं जातात आणि तिची ओळखही जाते.